दोन रेघा दिसल्या आणि मी साडेनऊ हजार मोजले

लातूरला माझं सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यात मोटारीची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, त्यांना आयजीबीटी म्हणतात. वरच्या आणि खालच्या आयजीबीटीला चालू करणाऱ्या पल्समध्ये किंचित मोकळा वेळ ठेवलेला असतो. तो गेला की दोन्ही एकदम चालू होतात आणि उडतात. मल्टिमीटरवर हे कळत नाही, दोन सिग्नल एकाच वेळी पडद्यावर रेघेनं दाखवणारा दोन चॅनलचा ऑसिलोस्कोपच लागतो. नवा परवडेना, म्हणून जुना शोधत होतो.

वाळूज एमआयडीसीकडं एकानं कंपनीतून निघालेला म्हणून 60 मेगाहर्ट्झचा ॲनालॉग स्कोप दाखवला. बटण दाबलं, पडद्यावर दोन हिरव्या रेघा आल्या. "बघा मालक, दोन्ही चॅनल ओके. कॅलिब्रेशनचं, माप तपासल्याचं स्टिकरबी हाय." प्रोब, म्हणजे सिग्नल स्कोपमध्ये नेणारी टोकाची वायर, मागितला तर म्हणाला, प्रोब वेगळे घ्यावे लागतात. साडेनऊ हजार रोख दिले. बिल नाही.

दुकानात आणून प्रोब लावला. पहिला चॅनल चालला. दुसऱ्यावर काहीही लावा, रेघ हलतच नाही! झाकण उघडलं तर त्या चॅनलच्या इनपुटची पट्टी जळून काळी पडलेली. सिग्नल आतच जात नव्हता. पण इनपुटच्या नंतरचा, रेघ काढणारा भाग शाबूत असला की रेघ दिसतेच. अर्ध्या तासानं गरम झाल्यावर पहिल्या चॅनलची रेघही हळूहळू खाली सरकायला लागली. स्टिकरवरचा सिरियल नंबर मागच्या पाटीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. कडेला जुन्या स्टिकरचा डिंक तसाच होता, वर दुसऱ्याच मशीनचं चिकटवलेलं. फोन केला तर आधी "जुन्या मालाला गॅरंटी नसते", मग फोन उचलणंच बंद.

जुना स्कोप बघायला जाताना स्वतःचा प्रोब आणि एक नवा पेन्सिल सेल न्या. प्रोब एक्स-1 वर, कपलिंग डीसीवर, व्होल्ट-डिव्हिजनचा नॉब (पडद्यावरच्या एका घराला किती व्होल्ट ते ठरवणारा) 0.5 वर ठेवून सेल लावा. रेघ साधारण तीन घरं वर उडी मारते. नॉब 1 वर नेला की दीड घर. हे दोन्ही चॅनलवर करा, नॉबच्या प्रत्येक टप्प्यावर खरखर किंवा उड्या आहेत का बघा. बहुतेक स्कोपच्या समोरच प्रोब तपासायचं टोक असतं, त्यावर चौकोनी लहर दिसलीच पाहिजे. आणि मशीन अर्धा तास चालू ठेवायला लावा. विकणारा घाई करत असेल तर खुशाल परत या.

माझ्या टेबलावर तो स्कोप अजून आहे. एका चॅनलवर एकच पल्स बघतो; दोन्ही एकत्र बघायचे ते राहूनच गेलं, आणि गेल्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा कंट्रोलर तसाच परत द्यावा लागला.