परिचारिकांसाठी थायरॉइडचा ऑनलाइन कोर्स: मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टरचा अभिप्राय

थायरॉइडचे विकार दुसऱ्याच आजाराचं सोंग कसं घेतात, यावर परिचारिकांसाठी असलेला हा ऑनलाइन कोर्स मी नुकताच पूर्ण केला. वॉर्डात रुग्णांजवळ उभं राहणाऱ्या प्रत्येक सिस्टरने तो करावा, असं मला मनापासून वाटतं. दोन-तीन ठिकाणी तो कमी पडतो, तेही सांगते.

थायरॉइडचं प्रशिक्षण म्हटलं की ग्रंथीची आकृती, हार्मोनची नावं आणि मग परीक्षा. इथे सुरुवातीलाच आपल्यापुढे चार्ट ठेवतात. वयस्कर बाई, दाखल होतानाचं निदान नैराश्य. एका पाळीतल्या सिस्टरने लिहिलंय, नाडी संथ. दुसरीने लिहिलंय, शौचाला होत नाही. तिसरीने, सारखं पांघरूण मागतात. आवाज घोगरा, त्वचा कोरडी, रक्तात सोडियम कमी. एकेक नोंद वाचली तर वयाच्या नावावर खपून जाते. सगळ्या शेजारीशेजारी ठेवल्या की हायपोथायरॉइडिझमची (थायरॉइडचं हार्मोन कमी पडण्याची) शंका येते. निदान डॉक्टर करतील, पण चोवीस तासांचा चार्ट आपल्या हातात असतो. न जुळणाऱ्या गोष्टी हेरून राऊंडला बोलायची सवय हा कोर्स लावतो, आणि त्याची खरी किंमत मला यातच वाटते.

वृद्ध रुग्णांचा भाग मी दोनदा पाहिला. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, थोडं चाललं की दम; हार्ट फेल्युअर समजणं सोपं आहे. पण मिक्सिडीमाची (तीव्र हायपोथायरॉइडिझममध्ये येणारी) सूज बोटाने दाबली तर सहसा खळगा पडत नाही. दाबून बघायला कितीसा वेळ लागतो? विसराळूपणा आणि मंदपणा स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जातो. भ्रम, संशय दिसला तर मानसिक आजाराच्या. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४९ साली अशाच १४ रुग्णांचं वर्णन केलं होतं, हा उल्लेख मला फार मोलाचा वाटला. उलट बाजूही नीट दाखवली आहे. थायरॉइडचं हार्मोन जास्त झालेला म्हातारा माणूस थरथरत, घामाघूम होऊन येईलच असं नाही. तो गप्प बसून राहतो, जेवत नाही, वजन उतरतं, नाडी अनियमित लागते. घरचे कॅन्सरच्या धास्तीत असतात.

मिक्सिडीमा कोमाचा (हायपोथायरॉइडिझम जिवावर बेतण्याइतका वाढतो त्या अवस्थेचा) भाग कोर्समधला सर्वांत भक्कम. बऱ्याचदा संसर्गामुळेच रुग्ण कोसळतो, पण ताप येत नाही. उलट अंग गार पडतं. पाऱ्याच्या नेहमीच्या थर्मामीटरची पट्टी ३५ अंश सेल्सिअसला सुरू होते, त्याच्या खालचं तापमान त्यावर कळतच नाही. म्हणून कमी तापमान मोजणारं यंत्र मागून घ्या, असं स्पष्ट सांगितलंय. गरम पिशव्या का टाळायच्या, तेही: रक्तवाहिन्या एकदम फैलावतात आणि बीपी कोसळतं. पांघरूण आणि उबदार खोली बरी. झोपेच्या औषधाने श्वास आणखी मंदावतो. थायरॉक्सिनच्या (थायरॉइड हार्मोनच्या औषधाच्या) आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड का देतात, याचं कारणही (अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमजोर असण्याची शक्यता) दिलेलं आहे, नुसता क्रम पाठ करायला सांगितलेलं नाही.

थायरॉइड स्टॉर्म, म्हणजे थायरॉइड हार्मोन जास्त होऊन जिवावर बेतणारी अवस्था, मात्र घाईत उरकलंय. खूप ताप, धावती नाडी, जुलाब, बरळणं. पाहणाऱ्याला सेप्सिसच (संसर्ग अंगभर भिनल्यासारखंच) वाटणार. बर्च आणि वॉर्टोफ्स्की यांची १९९३ ची गुणपद्धत दाखवतात, ४५ किंवा जास्त गुण म्हणजे दाट शक्यता. ॲस्पिरिन टाळून पॅरासिटामॉल का, आणि थायरॉइडविरोधी औषधानंतर किमान तासाभराने आयोडीन का, हेही येतं. पण संसर्ग आणि स्टॉर्म एकाच वेळी असू शकतात, कारण संसर्गच बहुधा ठिणगी टाकतो, यावर एकच वाक्य? वॉर्डात घोटाळा नेमका तिथेच होतो.

प्रयोगशाळेचा भाग छोटा, पण चोख आहे. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेणाऱ्यांचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) काही चाचण्यांत खोटा कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तेव्हा रक्त घेताना 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' एवढ्यावर थांबू नका, व्हिटॅमिनचंही विचारा.

खरी नाराजी बाळंतिणींबद्दल आहे. प्रसूतीनंतरच्या थायरॉइडायटिसमध्ये (थायरॉइड ग्रंथीच्या दाहात) पहिल्या काही महिन्यांत धडधड आणि चिडचिड, पुढे थकवा आणि उदासी. बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणून, नाहीतर जागरणाचा शीण म्हणून तिला परत पाठवलं जातं. या विषयाला जेमतेम दोन स्लाइड दिल्यात. थायरॉइड बिघडवू शकणाऱ्या ॲमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध) आणि लिथियमचाही (मानसिक आजारावरचं औषध) उल्लेख नाही. २०० मिलिग्रॅमच्या ॲमिओडॅरोनच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि हृदयरोग विभागात ती रोज दिली जाते.

शेवटच्या चाचणीत नॉर्मल आकडे विचारलेत. त्याऐवजी रात्री ऑन-कॉल डॉक्टरांना फोनवर काय सांगाल, हे लिहून घ्यायला हवं होतं. मेडिसिन, आयसीयू आणि वृद्धसेवेतल्या सिस्टरांनी बिनदिक्कत करावा. प्रसूती विभागातल्यांनी त्या दोन स्लाइडवर भागवू नये, त्यांनी वेगळं वाचन करावंच लागेल.