होम जिम मशीन खाऱ्या हवेत: एक अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही घरी ऑल-इन-वन जिम मशीन घेतलं, मग उन्हाळा गेला, अख्खा पावसाळा गेला आणि आता परत सकाळची थंडी पडायला लागलीय, म्हणून म्हटलं आता नीट लिहून काढावं. घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले, आणि बरेचसे तर खोका उघडून आठ दिवस झाले नाहीत तोवर केलेले. आम्ही दापोली तालुक्यात किनाऱ्याला राहतो, रात्री लाटांचा आवाज घरात येतो एवढ्या जवळ. इथं मशीनवर किती प्रकारचे व्यायाम होतात हे नंतर बघायचं, आधी बघायचं ते गंजणार कुठून आणि गंजलं तर तो भाग मिळणार कुठे. याच्यावर मला कुठंच काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे एवढं लांबलचक.

घरात वापरणारी माणसं चार आणि चारही तऱ्हेची. मी चाळिशी ओलांडलेली, अहोंची नारळ-सुपारीची वाडी आहे त्यामुळे त्यांचे हात मजबूत पण खांदा सारखा धरतो, लेक बारावीत, त्याला छाती-दंड करायचेत, आणि सासूबाई सत्तरीच्या. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर झिजतात, तेव्हा आत्ताच वजनाचा व्यायाम सुरू करा, नुसतं चालणं पुरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधे पण मोठ्या माणसांना आठवड्यातून निदान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकद असा मिळून ३ दिवस. दापोलीत जिम आहे, पण इथून जाऊन-येऊन आणि व्यायाम धरून सकाळ संपते, आणि सासूबाई तिथं जाणारच नाहीत. म्हणून घरीच.

आता निवड. बाजारात साधारण चार तऱ्हा दिसतात. एक ते जुनं मल्टिजिम, एकच वेट स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या वजनाच्या प्लेट, समोर छातीची बटरफ्लाय, वर दांडा खाली ओढायचं लॅट पुलडाऊन, खाली पायांचं लेग एक्स्टेन्शन. सगळ्यात स्वस्त हेच. दुसरं स्मिथ मशीन (दांडा दोन उभ्या रुळांत वर-खाली सरकतो ते) आणि रॅक मिळून, त्यात दांडा आणि सुट्या प्लेट. तिसरं मोटरवालं डिजिटल, भिंतीला लावायचं, वजनच नाही, मोटर ओढ देते. आणि चौथं फंक्शनल ट्रेनर, म्हणजे दोन बाजूला दोन खांब, प्रत्येकात वेगळा स्टॅक, आणि पुली वर-खाली सरकवता येते.

मोटरवालं आम्ही पहिल्यांदा बाद केलं. ज्यांनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथं बघितलंय त्यांना कारण सांगायला नको. त्यानंतर कित्येक दिवस लाईट नव्हती, आणि एरवीसुद्धा पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा. वीज नसली की ज्या मशीनचं वजनच नाहीसं होतं ते आमच्या काय कामाचं, शिवाय खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक बोर्ड किती टिकतात ते आमच्या इन्व्हर्टरने दाखवलंय. स्मिथवाल्यात लेकाचा जीव होता, पण सासूबाई तो दांडा धरणार नाहीत, आणि दांड्याला पकडीसाठी जो खरखरीतपणा असतो ना त्याच्या खाचांत मीठ जाऊन बसतं, ते पुसून निघत नाही.

खरा प्रश्न मल्टिजिम की फंक्शनल ट्रेनर हा होता, कारण किमतीत दुपटीहून जास्त फरक. मल्टिजिममधे बहुतेक वेळा एकच लांब केबल आठ-दहा पुल्यांवरून फिरत सगळ्या स्टेशनांना जाते. ती गेली की सगळं बंद, आणि ती त्याच मॉडेलच्या मापाची लागते. दुसरं म्हणजे सीट आणि पॅड एका ठरावीक उंचीच्या माणसासाठी केलेले, सासूबाई पाच फुटांच्या आत आणि लेक सहाला टेकलेला, दोघांना ते बसणं शक्यच नाही. फंक्शनल ट्रेनरला सीट नाही, पुली आपल्या उंचीला आणायची, उभं राहून नाहीतर साध्या स्टुलावर बसून करायचं. आम्ही ते घेतलं, लाखाच्या वर गेलं, पण आजही मला तेच बरोबर वाटतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या कारण दुकानदार ती आपणहून सांगत नाहीत. आमच्या मशीनवर प्रत्येक बाजूला ७० किलोचा स्टॅक आहे, पण हाताला येतात ३५. कारण पुलीची रचना २ ला १ आहे, स्टॅकवर एक हलती पुली असते, तिथं वजन दोन दोरांत वाटलं जातं. त्याच्या बदल्यात केबल दुप्पट लांब बाहेर येते, म्हणून हात लांब नेता येतो. एका हाताच्या व्यायामाला ३५ किलो भरपूर होतात, दोन्ही बाजू मिळून ओढलं की ७०. जाहिरातीत मात्र १४० किलो एवढंच मोठ्या अक्षरात. तेव्हा घेताना विचारायचं की रेशो काय, १ ला १ की २ ला १, आणि ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. २ ला १ चा एक मोठा फायदा आम्हाला झाला, ५ किलोची एक प्लेट वाढवली की हाताला फक्त अडीच किलो वाढतात. म्हाताऱ्या माणसाला आणि नव्याने सुरू करणाऱ्या बाईला हे फार उपयोगी, ५ ची एकदम उडी खांद्याला झेपत नाही.

मापं घेताना आमच्यासारखी कौलारू घरं असतील तर खोलीची मधली उंची बघून उपयोग नाही. पडवीत छप्पर उतरतं असतं, मशीन सात फुटांच्या आसपास, आणि वरचा पुल-अप बार धरायचा तर डोकं त्या बारच्याही वर जाणार, तेव्हा जिथं मशीन उभं राहणार तिथल्या सगळ्यात खालच्या वाशापासून जमिनीपर्यंत मोजायचं. आम्ही माजघराला लागून असलेली खोली रिकामी केली. जमीन कोब्याची, तिला किंचित उतार असतो आणि दोन खांब एका पातळीत नसले की वजनाच्या प्लेट गाईड रॉडवर (ज्या उभ्या दांड्यांवरून त्या सरकतात) घासत खाली येतात, धड सुटत नाहीत. गावातल्या सुतारकाकांनी लेव्हल लावून एका बाजूला पातळ पट्ट्या सारल्या, अर्ध्या तासाचं काम, पण त्याने मशीनचा आवाजच बदलला.

आणायचं प्रकरण वेगळंच. ट्रान्सपोर्टने खेडला भरणे नाक्यापर्यंत आलं, पुढे छोटा हत्ती केला, पण आमच्या पाखाडीला, म्हणजे घराकडे येणाऱ्या अरुंद वाटेला, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, छोटा हत्तीपण आत शिरत नाही. शेवटचा टप्पा माणसांनी उचलून. स्टॅकच्या प्लेट सुट्या सुट्या खोक्यात येतात म्हणून जमलं. ऑर्डर करताना घरपोच म्हणजे नेमकं कुठपर्यंत हे लिहून घ्या, आम्हाला गाडीवाल्याने रस्त्यावर उतरवून सही मागितली.

आता मुख्य विषय, गंज. आषाढात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच मशीनवर होतं. हवेतून आलेलं मीठ धूळ बसावी तसं लोखंडावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर इथं आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे पावसाचा एक थेंब न लागता मशीन चार महिने खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असतं. हे कळल्यावर उपाय आपोआप कळतो, आधी मीठ काढायचं आणि मग तेल लावायचं. मिठावरच तेल लावलं तर खाली गंज चालूच राहतो.

मी काय करते ते सांगते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळी फ्रेम पुसायची, लगेच कोरड्या फडक्याने. गाईड रॉडवर सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून मग रॉडला लावायचा, आणि केबलला काही लावायचं नाही. बोल्टांच्या डोक्यांना शिलाई मशीनचं तेल बोटाने. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, गाडीला लावतात ते वॅक्स अख्ख्या फ्रेमला लावलं, आणि ज्या ठिकाणी असेंब्लीत पावडर कोटिंगचा टवका उडाला होता तिथं आधी पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि रंग. एवढं करून फ्रेमला कुठंही गंज नाही. जाहिरातीत फोटोत दिसतो तसा प्लॅस्टिकचा कव्हर मात्र घालू नका, आत दमट हवा कोंडते. आम्ही सासूबाईंची जुनी सुती लुगडी टाकतो आणि पावसाळ्यात दुपारी तासभर टेबल फॅन लावतो. खालचे रबर मॅट आठवड्याला उचलून भिंतीला उभे करायचे, कारण दमट दिवसांत जमिनीला घाम सुटतो आणि तो मॅटखालीच राहतो.

गंजलं काय तर क्रोमवाल्या वस्तू. हँडल, लहान कड्या, कॅराबिनर म्हणजे हँडल अडकवायचे स्प्रिंगचे हुक, आणि स्टॅकमधलं वजन निवडायची पिन. क्रोम चकचकीत दिसतं पण त्याला बारीक छिद्रं असतात आणि गंज त्यातून वर येतो, ऑगस्टपर्यंत हँडलवर तांबडे ठिपके आले. कड्या मी स्टेनलेसच्या आणल्या, हर्णै बंदरात बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या. स्टेनलेस घेताना ३१६ विचारायचं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतं, बोटवाले ते बरोबर ओळखतात. फक्त त्यावर वजनाची क्षमता कोरलेली असेल तीच घ्यायची, शोभेची नको.

दोन पुल्या श्रावणात किरकिरायला लागल्या. कंपनीला कळवलं, फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, इंजिनिअर येईल येईल म्हणत गणपती आले. शेवटी लेकानेच पुली उतरवली, आत बेअरिंग होतं आणि त्याच्या कडेवर नंबर छापलेला. तोच नंबर घेऊन गेला तर गावात मोटरी दुरुस्त करणाऱ्या दादांकडे मिळालं. त्यांनीच सांगितलं की कंपनीने झेडझेड टाकलंय, त्याला दोन्ही बाजूला नुसती पत्र्याची झाकणं असतात, तुम्ही २आरएस घ्या, त्याला रबरी सील असतं, दमट हवा आत जात नाही. तेव्हापासून आवाज बंद. म्हणून माझं म्हणणं असं की मशीन बघायला जाल तेव्हा पुली हाताने फिरवून बघा आणि आत बेअरिंग आहे की नुसती बुशिंग (गोळ्या नसलेली साधी नळी) हे विचारा. बेअरिंग असेल आणि नंबर बाजारातला असेल तर कंपनी आली नाही तरी आपलं अडत नाही.

बेंच वेगळी मिळाली होती, तिच्या रेक्झिनला शिवणीत बुरशी धरली. व्हिनेगरने पुसून उन्हात घातली, गेली, पण शिवण नसलेली बेंच मिळाली तर ती घ्या.

वापराबद्दल. सासूबाईंपासून सांगते कारण मला सगळ्यात आनंद त्यांचाच आहे. त्यांना विळीवरून उठताना हाताचा आधार लागायचा. दापोलीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवलं तसं पुली खांद्याच्या उंचीला आणायची, दोन्ही हँडल धरायची, मागे स्टूल ठेवायचं आणि हळूहळू बसायचं, टेकलं की उठायचं. केबल पुढून धरून ठेवते त्यामुळे मागे पडायची भीती नाही. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काय गो हे, या वयात मला झोपाळ्याला बांधतेस?" सुरुवातीला आधार पुरेल एवढं वजन होतं, मग बसल्या बसल्या हँडल पोटाकडे ओढायचा व्यायाम लावला. आता पिन स्वतः घालतात, कुठल्या भोकात ते त्यांना पाठ आहे, आणि शेजारच्या काकींना आणून दाखवतात. विळीवरून हात न टेकता उठतात.

माझं आठवड्यातून तीनदा होतं, एक ओढायचा, एक ढकलायचा, एक पायांचा आणि एक कमरेतून वाकायचा, एवढे चारच मुख्य. १२ रेप्स, म्हणजे लागोपाठ १२ वेळा, नीट निघाले की पुढच्या वेळी एक प्लेट वाढवायची, एवढाच नियम. विहिरीवरून पाण्याची कळशी उचलताना पाठीत जी कळ यायची ती आता येत नाही. अहोंना फेस पुल म्हणून जो दोर चेहऱ्याकडे ओढायचा व्यायाम आहे त्याने खांद्याला बराच आराम आहे, तो त्यांनी वाडीत शिंपण सुरू झालं तरी सोडला नाही.

लेकाचं मात्र पूर्ण समाधान नाही, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. पायांना ७० किलो त्याला आत्ताच कमी पडायला लागलेत, स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठी केबलला मर्यादा आहे. तुमच्या घरात फक्त तरुण मुलगा वापरणार असेल आणि त्याला खूप वजन उचलायचं असेल तर हे मशीन घेऊ नका, रॅक आणि दांडा घ्या, दांडा पुसायची शिस्त त्याला लावा, निम्म्या पैशात काम होईल. घरात वयाचा आणि उंचीचा फरक असेल तर हेच.

केबलचं एक राहिलं. आतमधे पोलादी तारांचा दोर आणि वर नायलॉनचं आवरण असतं, त्या आवरणाला चीर गेली की खारी हवा आत जाते आणि तारा आतून कुजतात, वरून काही दिसत नाही. जिथं केबल टोकाला धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते ती जागा महिन्यातून एकदा उजेडात बघायची, बोट फिरवताना तार टोचली तर त्या दिवसापासून मशीन बंद. ही केबल स्थानिक माणसाकडून नुसत्या क्लॅम्पने बांधून घेऊ नका, सुटली तर हँडल थेट तोंडावर येतं. मी मशीन घेतानाच दोन्ही बाजूंच्या जास्तीच्या केबल बिलात लिहून घेतल्या होत्या. आत्ताच्या केबलना उजव्या बाजूला वरच्या पुलीजवळ आवरण पांढुरकं पडायला लागलंय, चीर नाही अजून, पण मे महिन्यात वॅक्स लावायच्या वेळेला दोन्ही बदलून टाकणार आहोत.

कोणाला मापं, बेअरिंग किंवा सुतारकाकांनी पट्ट्या कशा सारल्या याचे फोटो हवे असतील तर सांगा, लेकाने काढून ठेवलेत.