राउटरला रेषेची जाडी दिसत नाही: आठ महिने इंकस्केप वापरल्यावर

आमचं काम दारावरच्या पाट्यांचं, दुकानांच्या अक्षरांचं आणि अधूनमधून एमडीएफच्या डिस्प्ले स्टँडचं. डिझाइन मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात करते. कटिंग रबाळे एमआयडीसीत, जॉबवर्क करणाऱ्या एका दादांच्या सीएनसी राउटरवर, म्हणजे फाइलप्रमाणे फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर, होतं. आठ महिन्यांपूर्वी फाइल बनवायचं सगळं काम इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरवर आणलं. फुकट आहे म्हणून सुरुवात केली. आज विकत घ्यावं लागलं असतं तरी घेतलं असतं. पण पहिले दोन महिने मी स्क्रीनवर दिसतं त्यावर विश्वास ठेवला आणि नुकसान तिथेच झालं.

एका स्टँडच्या फळ्या एकमेकींत अडकवायच्या होत्या. शीट १२ मिमीची, म्हणून खाचेची रुंदी १२.२ टाकली. कापून आल्यावर एकही फळी बसेना. दादांनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला. "ताई, मशीन बरोबर आहे. फाइलमध्येच अकरा पॉइंट दोन आहे." झालं असं होतं, की मी रेषा १ मिमी जाड ठेवली होती आणि इंकस्केप मुळात रेषेची जाडी धरूनच आकाराची रुंदी दाखवतं. दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा मिमी त्यात गेला. टूलपाथ, म्हणजे मशीनच्या पात्याची वाट, बनतो तो रेषेच्या मधोमध असलेल्या पाथवरून, म्हणजे आकाराच्या बिनजाडीच्या मूळ रेषेवरून. जाडी त्याच्या लेखी नसतेच. आठ फळ्या वाया गेल्या, त्या आमच्या खर्चात. प्रेफरन्सेसमध्ये व्हिज्युअलऐवजी जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स (रेषेची जाडी न धरता मोजलेली चौकट) निवडला, की हा घोळ कायमचा मिटतो. नवीन माणसाने चित्र काढायच्या आधी हे करावं. आणि शीट स्वतः मोजावी. १२ म्हणून आणलेली दर वेळी १२ भरत नाही.

आता देवनागरी. टाइप करताना काहीच अडत नाही, जोडाक्षरं नीट येतात. मुक्ता फाँटमध्ये 'मातृछाया' लिहिलं की स्क्रीनवर अखंड, सुंदर शब्द दिसतो. पण मजकूर तसाच ठेवला तर तो डीएक्सएफमध्ये, म्हणजे कटिंगला द्यायच्या फाइलमध्ये, उतरतच नाही. आधी ऑब्जेक्ट टू पाथ करून अक्षरांचे आकार बनवावे लागतात. ते केल्यावर डिस्प्ले मोड आउटलाइनवर (नुसत्या कडा दाखवणारा) न्या, म्हणजे खरं चित्र समोर येतं. प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा वेगळा असतो आणि शेजारच्या अक्षरात थोडा घुसलेला असतो. फाइल अशीच गेली तर बिट (राउटरचं फिरतं पातं) शिरोरेषेत जागोजागी आडवा शिरतो आणि शब्दाची अक्षरं सुटी होऊन पडतात. म्हणून अनग्रुप, मग सगळं निवडून युनियन (सगळे आकार जोडून एक करणं), आणि पुन्हा आउटलाइनमध्ये डोळ्यांनी शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची.

एवढं केलं की शिरोरेषा आपल्या बाजूने काम करते. इंग्रजी नाव कापलं की अक्षरं सुटी होतात, ती एकेक करून पाटीवर ओळीत चिकटवावी लागतात. मराठी शब्द एका तुकड्यात उचलता येतो. अडचण अनुस्वाराची: 'गंगोत्री'चा ठिपका अधांतरी राहतो. मी तो १ मिमी खाली ओढून शिरोरेषेत रुतवते. ग आणि ण यांचा काना फक्त शिरोरेषेलाच लटकलेला असतो, म्हणून अॅक्रिलिकमध्ये पातळ रेषांचा फाँट घेत नाही.

बिटचा व्यासही स्क्रीनवर दिसत नाही. आमच्याकडे बहुतेक काम ३ मिमीच्या बिटने होतं. मी ३ मिमी व्यासाचं लाल वर्तुळ काढते आणि छ, क्ष, इकाराचं वळण अशा प्रत्येक पोकळीतून फिरवून बघते. जिथे ते मावत नाही तिथे बिटही जाणार नाही आणि पोकळी भरलेलीच राहील. आतल्या कोपऱ्यातही ३ मिमीचा बिट १.५ मिमीची गोलाई सोडतो. खाचेत चौकोनी फळी बसवायची असेल तर त्या कोपऱ्यात बिट थोडा पुढे जाईल अशी गोल जागा काढून ठेवावी लागते.

ट्रेस बिटमॅपबद्दल, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून घेण्याबद्दल, माझं मत कडक आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लोगोच्या फोटोवर ते चालवलं की शेकडो नोड (रेषेवरचे बिंदू) तयार होतात, मशीन इवल्या-इवल्या रेषांवर अडखळत चालतं आणि कडेवर त्याच्या खुणा उमटतात. सिम्प्लिफायने नोड कमी होतात, पण कोपरेही विरघळतात. लोगो पेन टूलने पुन्हा काढावा. अर्धा तास जातो, काम मात्र स्वच्छ येतं.

डीएक्सएफ देताना दोन गोष्टी बघा. वक्र रेषा आर्क (वर्तुळाचे तुकडे) म्हणून जात नाहीत, स्प्लाइन (मोकळी वळणं) म्हणून जातात. समोरचं कॅम सॉफ्टवेअर (फाइलवरून मशीनची वाट आखणारं) ते कसं वाचतं ते पहिल्याच फाइलला विचारून घ्या. दुसरं, एकक मिमीच आहे ना. इंकस्केपने २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत एका इंचातले पिक्सेल ९० वरून ९६ केले. त्याआधीच्या फाइलमधली ३०० मिमीची पाटी चुकीच्या हिशोबाने उघडली तर २८१.२५ होते. जुनी फाइल उघडताना प्रोग्रॅम विचारतो, तेव्हा वाचून उत्तर द्या. मी आता प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात, वेगळ्या लेयरवर, १०० मिमीचा चौकोन ठेवते. दादा आधी तो मोजतात आणि मगच शीट लावतात.

एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा पकडायला मात्र मला अजून हमखास उपाय सापडलेला नाही. त्या राहिल्या की बिट त्याच वाटेने दोनदा जातो, अॅक्रिलिकची कड वितळते. सध्या प्रत्येक रेषा निवडून बाणाच्या कळीने जरा सरकवते, खाली दुसरी नाही ना बघते, आणि कंट्रोल झेड करून परत जागेवर ठेवते.