खात्याच्या चौकशीत भेदभाव झाला, तर आयोग की मॅट?

तलाठी, वनरक्षक किंवा कृषी सहायकाची वेतनवाढ रोखली जाते आणि त्याच घटनेतला वरच्या जातीचा सहकारी ताकीद घेऊन सुटतो. अशा वेळी गडचिरोली-यवतमाळकडे दोन सल्ले हमखास मिळतात. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार टाका, नाहीतर नागपूरला मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जा. (जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट नाही. त्यांची वाट विभागीय आयुक्त आणि मग उच्च न्यायालय.)

आयोगाला साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही. तो पुण्याच्या कार्यालयात पोस्टाने जातो. राज्यघटनेच्या कलम 338 खाली आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, आणि हे मोलाचं आहे. कारण सहकाऱ्याच्या शिक्षेचा आदेश माहिती अधिकारात मागितला, की सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या गिरीश देशपांडे निकालावर बोट ठेवून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतात. भेदभाव दाखवायला नेमका तोच कागद लागतो.

पण आयोग शिफारस करतो, शिक्षा रद्द करत नाही. स्थगिती देण्याचा अधिकारही त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं. तेही एक वेळ चालेल. खरा घोळ मुदतीचा. खात्यातल्या अपिलाच्या अंतिम आदेशापासून मॅटला एक वर्ष मिळतं, आणि आयोगाकडे अर्ज पडून आहे म्हणून ते थांबत नाही. खातं उत्तराला वेळ मागत राहतं, कर्मचारी सुनावणीची वाट बघतो, वर्ष सरतं. मग मूळ म्हणणं मांडण्याआधी विलंबमाफीसाठी उशिराचाच हिशेब द्यावा लागतो. माझा कल मॅटकडे आहे तो एवढ्यासाठी.

मॅटआधी खात्यातलं अपील 45 दिवसांत करा. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तरी पुढे जाता येतं, आणि वर्ष तिथून धरतात. मॅट पुरावा नव्याने तोलत नाही, म्हणून ‘मी निर्दोष’ यावर पानं खर्चू नका. चौकशी अहवालाची प्रत दिली नाही, उलटतपासणी नाकारली, निष्कर्षाला पुरावाच नाही, एकाच घटनेत दोघांना वेगळी शिक्षा, हे मुद्दे लिहा. शेवटच्याला सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या राजेंद्र यादव निकालाचा आधार आहे. सहकाऱ्याची फाईल मागवण्याची विनंती अर्जातच करा, मॅटलाही तो अधिकार आहे.

त्रास इथेही आहेच. सिरोंच्याहून एका तारखेला दोन दिवस मोडतात. चौकशीच्या पद्धतीत दोष निघाला तर प्रकरण बरेचदा त्याच खात्याकडे फेरचौकशीला परत जातं. तरी मॅटचा आदेश पाळला नाही तर अवमानाची कारवाई होऊ शकते, शिफारशीला तो धाक नाही.

आयोगाकडे जायचंच असेल तर अपिलासोबतच जा. न्यायप्रविष्ट प्रकरणात आयोग सहसा हात घालत नाही. आणि शिक्षेचा आदेश घेताना पोचवर सहीखाली तारीख टाका, 45 दिवस तिथूनच मोजतात.