बिडाच्या पॅनमध्ये स्टेक आणि मशरूम : हिवाळाभराच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत ग्रिल लावायला परवानगी नाही. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी १२ इंची कास्ट आयर्नचा, म्हणजे आपल्या बिडाचा पॅन घेतला. त्यात सगळ्यांत जास्त वेळा झालं ते रिबआय स्टेक (बीफचा, बरगडीकडच्या भागाचा जाड काप) आणि त्यामागोमाग मशरूम. या एका जेवणासाठीसुद्धा तो घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

बीड सावकाश तापतं आणि आच सारखी पसरवत नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामा पॅन ठेवला की कडाही तापतात. मग मात्र दीड इंच जाडीचा गार तुकडा टाकला तरी पॅन थंड पडत नाही. नॉनस्टिकचं हे काम नव्हे, ते असं रिकामं तापवायचंच नसतं. मांस वरून ओलं असेल तर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि खरपूस थर धरत नाही. म्हणून आदल्या रात्री मीठ चोळून स्टेक जाळीवर, न झाकता फ्रिजमध्ये ठेवते.

तेलाऐवजी तूप वापरते. बटरमधला दुधाचा अंश एवढ्या आचेवर करपून कडवट होतो, तुपात तो राहिलेलाच नसतो. मिनिटामिनिटाला उलटत राहिलं की आतपर्यंत एकसारखं शिजतं. थर्मामीटरवर ५२ अंश सेल्सिअस दिसले की उतरवते, ताटात आणखी दोन-तीन अंश चढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं थांबण्याची आहे; घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर तीच पाळा.

खरी मजा पुढे. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. जाड काप करून, मीठ न घालता, त्याच पॅनमध्ये एका थरात पसरायचे. त्यांना सुटलेल्या पाण्याने तळाची खरवड मोकळी होते, आणि पाणी आटलं की ती सगळी चव मशरूमलाच लागते. काप लालसर झाले की लसूण, थाइमची सुवासिक पानं, मीठ, शेवटी बटर आणि ताटात साठलेला स्टेकचा रस. आमच्याकडे स्टेकच्या आधी हेच संपतं.

धूर भरपूर होतो, जानेवारीतही खिडकी उघडावी लागते. धुताना थोडा साबण चालतो. लगेच शेगडीवर कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. टोमॅटोचा रस्सा यात तासभर उकळत ठेवू नका, तेलाचा जमलेला थर निघतो. काचेची शेगडी असेल तर पॅन उचलूनच हलवा, सरकवला तर चरे पडतात.

वजन साडेतीन किलोच्या आसपास, एका हाताने पेलत नाही. दोन स्टेक एकदम करायचे नसतील तर १० इंचीच घ्या.