पोरांसाठी अभ्यासिका, ढोलपथक की फुटबॉल? मंडळाने पैसे कुठे घालावेत

वर्गणीतले चार पैसे उरले की मंडळाच्या मीटिंगमध्ये "वस्तीतल्या पोरांसाठी काहीतरी करू" हा विषय निघतोच. रात्री बाराला भर रस्त्यात केक, सायलेन्सर बदललेल्या बुलेटी, आणि पुण्यात तर रस्त्यावर लावलेल्या गाड्या फोडण्यापर्यंत मजल गेलीये.

अभ्यासिका सगळ्यात लोकप्रिय, कारण पाटी लागते आणि फीत कापता येते. एमपीएससीवाल्यांना ती हवीच, घरी एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही चालू असतो. पण ती पोरं कट्ट्यावर बसतच नव्हती हो! त्रास कमी व्हावा म्हणून काढत असाल तर पैसे भलतीकडे चाललेत.

ढोलपथकाचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. ज्याला घरच्यांनी वाया गेलेला ठरवलंय तो पोरगा सरावाला वेळेवर येतो, ताशाच्या इशाऱ्यावर थांबतो, ढोलाच्या दोऱ्या ताणायला शिकतो आणि उशीर झाला तर ढोल कमरेला बांधायला मिळणार नाही म्हणून पळत येतो, मुलीही भरपूर असतात. अडचण एकच, सराव दोन-तीन महिने, विसर्जन झालं की परत कट्टा. वर आवाज. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, ढोल त्यात बसणं शक्यच नाही. 2024 मध्ये हरित लवादाने पथकात 30 च जण असं बंधन घातलं होतं, सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, पण शेजारचे आजोबा 112 ला फोन लावायचे थांबत नाहीत ना.

राहिला फुटबॉल. नागपूरचे विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे, पावसात पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली आणि त्यातून 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. मुंबईत मॅजिक बस ही संस्था 1999 पासून खेळातूनच मुलांपर्यंत पोचतेय, आणि त्यांच्याकडे घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलांना शिकवणारे बरेचसे त्याच वस्तीतले तरुण असतात. बाहेरून आणलेल्या कोचला पोरं दोन दिवसांत गुंडाळतात, गल्लीतल्या दादाला नाही, तो थेट आईपर्यंत जाऊ शकतो. खर्च म्हणाल तर बॉल, कोन, शिट्टी आणि त्या दादाचं मानधन. मानधनात काटकसर करू नका, नोकरी लागली की तो जातो आणि टीम तिथेच मोडते.

माझं मत विचाराल तर वर्षभर फुटबॉल, आणि पथक आधीपासून असेल तर त्याच पोरांना गणपतीनंतर मैदानावर खेचा. सकाळची बॅच घेऊन उपयोग नाही, ही मंडळी दहाला उठतात. वेळ संध्याकाळी सात ते नऊचीच हवी, म्हणजे लाईट लागणार. शाळेचं किंवा पालिकेचं मैदान असेल तर लाईटबिल कोण भरणार आणि गेटची चावी कोणाकडे राहणार हे आधी लेखी घ्या, मग बॉल आणा.