‘तुम्ही तर फुकटच देणार होतात ना?’

अमेरिकेत जुनी गाडी दान करून वर्षअखेर कर वाचवायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा आणि मग त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करा. मला फसवणाऱ्या संस्थेचं नाव मी देत नाही. देऊन उपयोगही नाही, एव्हाना दुसऱ्या नावाने दुकान सुरू झालं असेल.

गाडी २०१२ ची कॅमरी. १ लाख ४२ हजार मैल झालेले, पण इंजिन ठणठणीत. मुलगा कॉलेजला गेल्यापासून न्यू जर्सीच्या थंडीत ड्राइव्हवेत उभी होती आणि विमा मात्र आम्ही भरत होतो. डीलरने ३,९०० डॉलर देऊ केले होते. केली ब्लू बुक या जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या साइटवर खाजगी विक्रीचा भाव ६,८०० दाखवत होते. मराठी मंडळातल्या दोघांनी पूर्वी गाड्या दान केल्या होत्या आणि त्यांचं सगळं सुरळीत झालं होतं. म्हटलं, एखाद्या गरजू पोराच्या शिक्षणाला हातभार लागेल आणि आपल्याला करात थोडी सूट मिळेल. यात माझी हाव कुठे होती, हे मला कोणीतरी सांगावं.

डिसेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. नवरा सासूबाईंच्या आजारपणामुळे पुण्यात, मी इथे एकटी. फोनवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात: मोफत टोइंग, पूर्ण बाजारभावाची वजावट, ३१ डिसेंबरच्या आत पावती हातात. संस्थेचं नाव एका नामांकित बालकल्याण संस्थेच्या नावासारखं, फक्त एक शब्द इकडचा तिकडे. साइटवर ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, असं लिहिलेलं, खाली ईआयएन नंबरसुद्धा (संस्थेचा कर-ओळख क्रमांक) दिलेला. मी बावळट नाही. घरखरेदीचं क्लोजिंग, ग्रीन कार्डाचे फॉर्म, सगळं स्वतः केलंय. नंबर दिलेला होता म्हणूनच विश्वास ठेवला.

३० तारखेला दुपारी ट्रक आला. दारावर संस्थेचं नाव नव्हतं. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, आम्ही कंत्राटावर काम करतो. हे खरंही असतं, चांगल्या संस्थासुद्धा गाड्या उचलायचं काम बाहेर देतात. मग त्याने टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, मागितलं, उलटं करून बॉनेटवर ठेवलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. खरेदीदाराच्या नावाची ओळ कोरीच होती.

‘इथे संस्थेचं नाव लिहू का?’ मी विचारलं.

‘नको मॅडम, ऑफिसात शिक्का मारतात. हाताने लिहिताना चुकलं तर टायटल बाद होतं.’

खाडाखोड केलेलं टायटल चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून पटलं. शिवाय पुण्यात एजंटाला गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सही करून द्यायची आपल्याकडची रीत. त्याच सवयीचा हात होता तो, झाली सही.

नंतर पावती. पिवळ्या कार्बन कॉपीचं पॅड, कोपरे दुमडलेले. त्याने उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला, माझं नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, आणि किमतीच्या चौकटीवर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. ‘किती लिहू?’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘ब्लू बुकवर किती दाखवतंय?’

६,८००, मी सांगितलं. त्याने ६,८०० लिहिलं आणि पावती फाडून हातात दिली.

ही ती जागा. इथे मला कळायला हवं होतं आणि अजूनही रात्री आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला कधी ‘वजन किती लिहू’ म्हणून विचारतो का? पण बाहेर उणे तापमान, अंगावर घरातला स्वेटर, खिशात ऑफिसचा फोन वाजतोय आणि वर्ष संपायला दीड दिवस उरलेला. त्यात भारतातल्या ८०-जीची (देणगीवरच्या करसवलतीच्या कलमाची) सवय, पावती मिळाली की काम झालं. तिकडे वस्तू दान केली तर ८०-जीची सवलत मुळात मिळतच नाही, पैसेच द्यावे लागतात. त्यामुळे वस्तूची किंमत कोण ठरवणार, हा प्रश्न आपल्या डोक्यात कधी आलेलाच नसतो.

जाता जाता तो म्हणाला, नंबरप्लेट राहू द्या, यार्डापर्यंत न्यायला लागतील. मी राहू दिल्या. न्यू जर्सीत प्लेट तुमच्या असतात, गाडीबरोबर जात नाहीत. त्या काढून जमा करायच्या आणि पोच घ्यायची. हे इथल्यांनी भिंतीवर लिहून ठेवा. कॅलिफोर्नियात तर गाडी हातातून गेल्यावर ५ दिवसांत मोटार खात्याला तसं कळवावंच लागतं. तिकडच्या मराठी मंडळींनी ते विसरू नये.

फेब्रुवारीत आमचा कर भरून देणाऱ्या सीपीएने कागद मागितले. पिवळी पावती बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘१०९८-सी कुठंय?’ गाडी दान घेणारी संस्था असा फॉर्म देते हेच मला माहीत नव्हतं. २००५ पासून नियम असा आहे की संस्थेने तुमची गाडी विकली, तर वजावट विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेइतकीच. बाजारभाव धरता येतो तो संस्थेने गाडी स्वतः भरपूर वापरली, तिच्यावर मोठी दुरुस्ती केली किंवा गरजू माणसाला जवळजवळ फुकट दिली तरच. विक्री ५०० डॉलर किंवा त्याहून कमी रकमेला झाली, तर बाजारभाव किंवा ५०० यातलं जे कमी ते. आणि १०९८-सी नसेल तर ५०० च्या वर मागताच येत नाही. गाडी विकल्यापासून ३० दिवसांत तो फॉर्म संस्थेने द्यायचा असतो. म्हणजे ‘पूर्ण बाजारभावाची वजावट’ ही जाहिरातच थाप होती, आणि ती दर डिसेंबरला उघडपणे चालते.

हा नियम उगाच नाही आला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००३ साली ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा त्यातल्या दोनतृतीयांश गाड्यांबाबत संस्थेच्या हाती देणगीदाराने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी पैसे पडले होते. मधले दलाल गब्बर.

मग सीपीएने तो ईआयएन आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याच्या, शोधयादीत टाकला. नंबर खरा निघाला. संस्थाही एके काळी खरी होती, पण सलग तीन वर्षं फॉर्म ९९० (संस्थांचं वार्षिक विवरणपत्र) न भरल्यामुळे तिची करमाफी आपोआप रद्द झालेली. कोणीतरी मेलेल्या संस्थेचा नंबर उचलून जाहिरातीखाली चिकटवला होता. म्हणून सांगते, नावाने शोधू नका, ईआयएनने शोधा, आणि नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका; रद्द झालेल्यांची यादी वेगळी असते, तीही बघा. दोन मिनिटांचं काम आहे. माझी वजावट शून्य.

आता हिशेब ऐका, कारण मंडळात अजून लोकांना वाटतं की ६,८०० ची वजावट म्हणजे ६,८०० परत. आमचं घरकर्जाचं व्याज १६,३००, राज्याचे आणि घराचे कर १०,००० (तेवढीच कमाल मर्यादा होती), इतर देणग्या २,४००. एकूण २८,७००. नवराबायको मिळून २०२४ ची स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा हिशेब न देता मिळणारी ठरावीक वजावट; खर्च तिच्या वर गेले तरच फायदा) २९,२००. म्हणजे अख्खे ६,८०० मान्य झाले असते तरी फायदा वरच्या ६,३०० वरच, आमच्या २२ टक्क्यांच्या दराने १,३८६ डॉलर. आणि सगळं सचोटीने होऊन लिलावात गाडीचे समजा १,१०० आले असते, तर वाचले असते १३२. न्यू जर्सी राज्याच्या आयकरात तर अशा देणग्यांना वजावटच नाही. डीलरच्या ३,९०० पुढे ही रक्कम! हे गणित डिसेंबरात कोणी मांडून दाखवत नाही, जाहिरातवाले तर नाहीच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसले असते. टोलचा टॅग मी गाडीतून काढला होता, पण टोलच्या खात्यावर गाडीचा नंबर तसाच राहिला. कॅमेऱ्याने प्लेट टिपली की टोल आपल्या खात्यातून जातो. मार्चमध्ये कार्डाचा हिशेब बघताना लक्षात आलं, तोवर ११८.४५ डॉलर गेले होते. नंबर खात्यावरून काढला, तर घरी नोटिसा सुरू. टोल तीन-चार डॉलर आणि त्यावर ५० डॉलर फी, अशा चार नोटिसा, २१३.६०. शिवाय शेजारच्या राज्यातला ५१ डॉलरचा पार्किंगचा दंड. टायटल कोरं असल्यामुळे त्यांनी गाडी तशीच पुढे विकली आणि घेणाऱ्याने नावावर करून घेतलीच नाही. कागदोपत्री मालकीण मीच. त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर?

पोलिसांकडे गेले. खिडकीतल्या माणसाने टायटलचा फोटो मागितला. तो मी काढलेला नव्हता (तुम्ही काढा, दोन्ही बाजूंचा, ट्रक जायच्या आत). मग म्हणाला, चावी तुम्ही दिलीत, सही तुम्ही केलीत, ही चोरी कशी? दिवाणी मामला आहे, वकील गाठा. वकिलाने पहिल्या भेटीचे ३५० सांगितले. ग्राहक तक्रारीचा ऑनलाइन अर्ज भरला, उत्तर आलं की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यानंतर चकार शब्द नाही. टोलवाले म्हणाले, गाडी विकल्याचा पुरावा पाठवा. पुरावा म्हणून पिवळी पावती पाठवली, तर म्हणे यावर घेणाऱ्याचं नाव नाही. घेणाऱ्याचं नाव माहीत असतं तर मी तुम्हाला कशाला विनवत बसले असते? नोंदणीच्या काउंटरवर सांगितलं, प्लेट आणून जमा करा. अहो बाई, प्लेट त्या गाडीवर आहेत आणि गाडी कुठे आहे तेच तर शोधतेय! तिने पुढचा टोकन नंबर पुकारला.

आयआरएसचा करमाफी असलेल्या संस्थांविरुद्धच्या तक्रारीचा फॉर्म १३९०९ आहे, तोही भरला. पोच येते. पुढे काय झालं हे गोपनीयतेच्या कायद्यामुळे ते तक्रारदाराला सांगू शकत नाहीत. म्हणजे कारवाई झाली तरी मला कळणार नाही, आणि नाही झाली तरीही नाही.

सगळ्यात कहर केला तो फसवणुकीच्या एका हेल्पलाइनवरच्या माणसाने. शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण तुमचं नुकसान नक्की किती? तुम्ही तर गाडी फुकटच देणार होतात ना?’ मी फोन कानाला धरून नुसती बसले. मग ओरडले, मराठीतच ओरडले. दान देणाऱ्याचं काही जात नाही असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. त्या ड्रायव्हरलाही नेमकं हेच ठाऊक होतं. विकणारा दहा वेळा टायटल तपासतो, देणारा चावी हातात ठेवून ‘थँक यू’ म्हणतो. माझं नुकसान लिहून घ्या: गाडीचे ३,९००, टोल ११८.४५, नोटिसा २१३.६०, दंड ५१. एकूण ४,२८३.०५ डॉलर. आणि ज्या पोराच्या शिक्षणासाठी गाडी दिली होती, त्याला एक सेंट मिळाला नाही. ते या बेरजेत नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘अगं, निदान नाव तरी लिहायचंस त्या टायटलवर.’ पुण्यात बसून सुचतं सगळं.

ज्यांना खरंच गाडी द्यायची आहे त्यांनी जाहिरात सोडा, माहितीतल्या संस्थेच्या कचेरीत स्वतः फोन करा. विक्रीतला किती हिस्सा तुमच्या हाती पडतो, असं सरळ विचारा. उत्तर द्यायला जे अडखळतात त्यांना गाडी देऊ नका. ट्रकवाल्यासमोर टायटलवर संस्थेचं नाव, तारीख, मैल लिहा. तो नको म्हणाला तर ट्रक रिकामा परत जाऊ दे. टोलच्या खात्यावरचा नंबर त्याच दिवशी काढा, आणि प्लेट जमा केल्याची पोच मिळेपर्यंत विमा बंद करू नका.

आमची दुसरी गाडी, ओडिसी, यंदा काढायची आहे. ती डीलरला विकणार आणि त्यातले हजार डॉलर गावातल्या अन्नछत्राला चेकने देणार. ईआयएन तपासून झालाय.